पेन ड्राइव्हवर नुसते शॉर्टकट दिसतायत? फॉरमॅट मारण्याआधी हे करा

झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला दिलेला पेन ड्राइव्ह घरी आणून लॅपटॉपला लावला, की कधी कधी आत आपलं काहीच दिसत नाही. फोल्डर गायब, फोटो गायब. उरतं ते एकच चिन्ह. त्याला पेन ड्राइव्हचंच नाव असतं आणि कोपऱ्यात छोटा वाकडा बाण. किंवा सगळे फोल्डर आपापल्या नावानिशी दिसतात, पण प्रत्येकावर तोच बाण. याला आपल्याकडे सरसकट 'शॉर्टकट व्हायरस' म्हणतात. हे एका व्हायरसचं नाव नाही. 2011 च्या सुमारापासून फिरणाऱ्या डॉर्कबॉट, गॅमारू, हूडिनी अशा अनेक वर्म्सची, म्हणजे स्वतःच्या प्रती करत मशीनमागून मशीन पसरणाऱ्या प्रोग्राम्सची, ही एक सामायिक युक्ती आहे.

या क्षणी दोन गोष्टी करायच्या नाहीत. त्या चिन्हावर डबल क्लिक करायचं नाही आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करायचा नाही. 'फॉरमॅट मारून टाक, व्हायरस जाईल' हा सल्ला देणारा माणूस प्रत्येक ऑफिसात असतो. व्हायरसने ज्याला हातही लावलेला नसतो तो डेटा या सल्ल्याने मात्र जातो.

आधी एवढंच बघा. 'धिस पीसी' उघडा, पेन ड्राइव्हवर राइट क्लिक करा, 'प्रॉपर्टीज' मध्ये जा आणि 'यूज्ड स्पेस' चा आकडा वाचा. 16 जीबीच्या ड्राइव्हवर 9 जीबी वापरलेली दिसत असेल, तर तुमच्या फायली तिथेच आहेत, फक्त झाकल्या आहेत. आकडा काही केबी किंवा एमबीपुरताच असेल, तर मामला वेगळा आहे. तेव्हा ड्राइव्ह काढून बाजूला ठेवा आणि त्यावर नवीन काहीही लिहू नका. पुसलेल्या फायली परत आणणारी रिकव्हरी सॉफ्टवेअर जुन्या जागेवर नवं काही लिहिलं गेलेलं नसेल तोवरच उपयोगाची असतात.

घाबरून डिस्क पुसण्याची चूक जुनीच आहे. डिसेंबर 1989 मध्ये जोसेफ पॉप नावाच्या संशोधकाने 'एड्सविषयी माहिती' असं लेबल लावून सुमारे 20,000 फ्लॉपी टपालाने जगभर पाठवल्या. ती फ्लॉपी बसवलेला कॉम्प्युटर साधारण नव्वद वेळा सुरू झाला, की हार्ड डिस्कवरच्या डिरेक्टरी लपवल्या जात, फायलींची नावं सांकेतिक केली जात, आणि पडद्यावर पनामातल्या एका पोस्ट बॉक्सवर 189 डॉलर पाठवण्याची मागणी येई. आजच्या रॅन्समवेअरचा हा पूर्वज. पण त्याने फायलींच्या आतला मजकूर बदललेलाच नव्हता, फक्त नावं बदलली होती. जिम बेट्स या व्हायरस-तज्ज्ञाने लवकरच नावं पूर्ववत करणारा प्रोग्राम लिहून दिला. तोवर ज्यांनी थांबायचं ठरवलं त्यांचं काम वाचलं, आणि ज्यांनी त्याच दिवशी डिस्क कोरी केली त्यांचं गेलं.

हा तोच रोग आहे ना?

दिसायला सारखे पण वेगळे असे दोन प्रकार आधी बाजूला काढा.

फायलींची नावं विचित्र चिन्हांची झाली असतील, आकार अशक्य दिसत असतील, तारखा भलत्याच वर्षातल्या असतील, तर तो व्हायरस नाही. ड्राइव्हची फाइल सिस्टीम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची नोंदवही, बिघडली आहे. बहुतेकदा 'इजेक्ट' न करता ड्राइव्ह उपसल्यामुळे किंवा स्वस्तातल्या नकली चिपमुळे असं होतं. खाली दिलेल्या पायऱ्या तिथे लागू नाहीत. विंडोज 'स्कॅन अँड फिक्स' विचारेल. जे वाचता येतंय ते आधी कॉपी करून घ्या, मगच त्याला हो म्हणा.

फायली दिसतायत, पण प्रत्येकीच्या नावापुढे काहीतरी अनोळखी शेपूट (एक्स्टेन्शन, म्हणजे टिंबानंतरची अक्षरं) लागलंय, उघडत नाहीत, आणि सोबत पैसे मागणारी टेक्स्ट फाइल पडली आहे? हे रॅन्समवेअर. तिथे हात आखडता घ्या. नेट तोडा आणि युरोपोल, डच पोलीस आणि काही कंपन्यांनी 2016 मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर त्या प्रकाराची मोफत किल्ली मिळते का ते दुसऱ्या मशीनवरून बघा. पॉपच्या फ्लॉपीसारखं ते सोपं राहिलेलं नाही. आजकाल मजकूरच कुलूपबंद होतो.

नावं ठीक, जागा वापरलेली, आणि समोर बाणवाली चिन्हं: हा आपला रोगी.

शॉर्टकटच्या पोटात काय असतं

हे एकदा नीट पाहिलंत की पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा अर्थ आपोआप लागेल. बाणवाल्या चिन्हावर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'टार्गेट' ची चौकट वाचा. मजकूर लांब असतो. चौकटीत क्लिक करून 'एंड' बटण दाबलं की शेवटपर्यंत जाता येतं. खऱ्या शॉर्टकटमध्ये तिथे एखाद्या फोल्डरचा किंवा प्रोग्रामचा सरळ पत्ता असतो. इथे सुरुवातच 'सीएमडी डॉट ईएक्सई' पासून होते, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट (टाइप करून हुकूम द्यायची काळी खिडकी), आणि पुढे 'अँड' च्या चिन्हाने जोडलेले तीन हुकूम असतात. पहिला: ड्राइव्हवर लपवलेली अमुक स्क्रिप्ट (हुकमांची छोटी फाइल) चालव. दुसरा: एक्सप्लोररमध्ये खरा, लपवलेला फोल्डर उघडून दाखव. तिसरा: एक्झिट, म्हणजे काळी खिडकी मिटव.

यातला दुसरा हुकूम ही खरी हुशारी. डबल क्लिक केल्यावर तुमचा फोल्डर उघडतोच. फोटो दिसतात, वर्डची फाइल उघडते. त्यामुळे लोक महिनोन्महिने असंच वापरत राहतात, 'पेन ड्राइव्ह जरा विचित्र झालाय, पण चालतोय' म्हणत. दर क्लिकला स्क्रिप्ट मात्र पुन्हा चालते, कॉम्प्युटरमध्ये घर करते, आणि त्या मशीनला लागणाऱ्या पुढच्या प्रत्येक ड्राइव्हवर हाच खेळ मांडते.

गॅमारू कुळातल्या प्रकारात टार्गेटमध्ये 'रनडीएलएल32' आणि त्यापुढे निरर्थक अक्षरांची लांबलचक माळ असते. तुमचा सगळा डेटा तिथे एका बिननावाच्या फोल्डरमध्ये सरकवलेला असतो. फोल्डरला नाव असतं, पण ते म्हणजे एकच न दिसणारं मोकळ्या जागेचं अक्षर. 2021 पासून दिसणाऱ्या रास्पबेरी रॉबिनमध्ये शॉर्टकट विंडोजच्याच 'एमएसआयएक्झेक' ला कामाला लावून इंटरनेटवरून पुढचा माल मागवतो. तिन्ही ठिकाणी काम करणारा प्रोग्राम विंडोजचा स्वतःचा आहे, हे ध्यानात ठेवा. पुढे साफसफाईत घोळ होतो तो इथेच.

जे विचारलं ते साळसूदपणे दाखवायचं आणि पाठीमागे आपलं काम करायचं, ही चाल पीसीवरच्या पहिल्या व्हायरसपासूनची. 'ब्रेन' हा 1986 मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद अल्वी या भावांनी लिहिला. 360 केबीच्या सव्वापाच इंची फ्लॉपीचा बूट सेक्टर, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना सगळ्यात आधी वाचला जाणारा तुकडा, तो बळकावायचा. मूळ बूट सेक्टर दुसरीकडे हलवून ती जागा 'खराब' म्हणून नोंदवायचा. कुणी बूट सेक्टर वाचायला गेलं की मधल्या मध्ये विनंती अडवून मूळचा, स्वच्छ सेक्टर पुढे करायचा. त्या व्हायरसच्या आत भावांनी आपलं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातला होता. आजचा कुणी एवढा सभ्य नाही.

आधी कॉम्प्युटर, मग पेन ड्राइव्ह

बहुतेकांची कसरत इथे फसते. पेन ड्राइव्ह घासून पुसून स्वच्छ करतात, बाधलेल्या लॅपटॉपला परत लावतात, आणि अर्ध्या मिनिटात शॉर्टकट हजर. मग 'हा व्हायरस जातच नाही' अशी तक्रार. गळका नळ बंद न करता फरशी पुसण्यातला प्रकार.

शॉर्टकटवर डबल क्लिक केलंच नसेल, तर लॅपटॉप बहुधा स्वच्छ आहे. खात्री करायला एक रिकामा, कामाचा नसलेला पेन ड्राइव्ह घ्या. त्यावर एखादी फालतू टेक्स्ट फाइल आणि एक फोल्डर ठेवा, लावा, दोन मिनिटं थांबा, काढून परत लावा. त्यावर बाण उगवला, तर मशीन बाधलं आहे.

तसं असेल तर नेट बंद करा (वाय-फाय आणि केबल दोन्ही) आणि सगळे पेन ड्राइव्ह काढा. नेट तोडायचं कारण असं, की हूडिनीसारखे वर्म दूरच्या माणसाकडून हुकूम घेतात आणि आणखी काही उतरवून घेऊ शकतात.

आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. 'डिटेल्स' टॅबवर जा. स्तंभांच्या मथळ्यावर राइट क्लिक, 'सिलेक्ट कॉलम्स', आणि यादीतून 'कमांड लाइन' वर खूण करा. हा स्तंभ नसेल तर तुम्ही अंधारात चाचपडत आहात. यादीत 'डब्ल्यूस्क्रिप्ट' हा स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम दिसेल. टास्क मॅनेजरच्या पहिल्या पानावर तोच 'मायक्रोसॉफ्ट विंडोज बेस्ड स्क्रिप्ट होस्ट' या नावाने दिसतो. नुसतं नाव बघून काही कळत नाही, कारण तो विंडोजचा भाग आहे. कमांड लाइनच्या स्तंभात मात्र तो कुठली फाइल चालवतोय तो पत्ता दिसतो. पत्ता 'अ‍ॅपडेटा', 'टेम्प' किंवा 'प्रोग्रॅमडेटा' फोल्डरमधला आणि फाइलचं नाव अर्थहीन असेल, तर गुन्हेगार ती फाइल. पत्ता कागदावर उतरवून घ्या आणि मग 'एंड टास्क'.

'ओपन फाइल लोकेशन' वर क्लिक करून जिथे पोचाल तिथलं काही पुसू नका. तो रस्ता विंडोजच्या सिस्टीम32 फोल्डरमध्ये जातो, आणि तिथे बसलेला डब्ल्यूस्क्रिप्ट निर्दोष आहे. रनडीएलएल32 चंही तसंच. त्याच्या कितीतरी प्रती कायदेशीर कामात गुंतलेल्या असतात, त्यामुळे कमांड लाइन वाचल्याशिवाय त्यांना हात लावू नका.

कागदावरच्या पत्त्यावर जाऊन स्क्रिप्ट पुसायची. ती लपलेली असते, म्हणून आधी एक्सप्लोररच्या 'ऑप्शन्स' मधल्या 'व्ह्यू' टॅबवर तीन बदल करा: 'शो हिडन फाइल्स' निवडा, 'हाइड एक्स्टेन्शन्स' ची खूण काढा, आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स' ची खूण काढा. तिसऱ्यावर विंडोज इशारा देईल, 'येस' म्हणा. हा तिसरा बदल विसरला जातो. वर्मने फायलींना 'हिडन' आणि 'सिस्टीम' असे दोन्ही शिक्के मारलेले असतात, आणि नुसतं 'हिडन आयटेम्स' चालू केल्याने सिस्टीमचा शिक्का असलेली फाइल दिसत नाही. लोक म्हणतात, 'हिडन चालू केलं तरी काही नाही', ते या कारणाने.

दुसरा बदलही मोलाचा आहे. 4 मे 2000 ला फिलिपाइन्समधून निघालेला 'आय लव्ह यू' वर्म जगभर पसरला, कारण प्रेमपत्राच्या फाइलचं नाव पडद्यावर 'टीएक्सटी' ला संपताना दिसायचं. पुढचं खरं शेपूट, 'व्हीबीएस', म्हणजे क्लिक करताच चालणाऱ्या स्क्रिप्टची खूण, विंडोजने लोकांच्या सोयीसाठी लपवलेलं होतं. सव्वीस वर्षं झाली, ती सोय विंडोजमध्ये अजून आपोआप चालूच येते. मात्र एक अपवाद लक्षात ठेवा: शॉर्टकटचं स्वतःचं शेपूट, 'एलएनके', ही खूण काढूनही दिसत नाही. ते ओळखायचं तर 'डिटेल्स' मांडणीत 'टाइप' चा स्तंभ बघा.

स्क्रिप्ट पुसली, तरी तिला परत उठवणारी नोंद राहिलेली असते. तीन जागा तपासा. टास्क मॅनेजरचा 'स्टार्टअप' टॅब. विंडोज आणि आर एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत 'शेल', कोलन, 'स्टार्टअप' असं जागा न सोडता इंग्रजीत टाइप केल्यावर उघडणारा फोल्डर. आणि 'टास्क शेड्यूलर' ची लायब्ररी, जिथे दर काही मिनिटांनी चालणारं, नावाला अर्थ नसलेलं काम लपलेलं असू शकतं. एकाच ठिकाणी सगळं बघायचं असेल तर मायक्रोसॉफ्टचं 'ऑटोरन्स' हे मोफत साधन घ्या. संशयित ओळीची आधी फक्त खूण काढा, मशीन पुन्हा सुरू करून बघा, आणि मगच डिलीट करा. चुकून प्रिंटरची किंवा टचपॅडची नोंद गेली, तर परत आणता येते.

आता नेट जोडून विंडोज सिक्युरिटी उघडा. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' मध्ये आधी अपडेट, आणि मग एक जागा जी फार कमी लोक उघडतात: 'मॅनेज सेटिंग्ज' च्या तळाशी असलेली 'एक्सक्लुजन्स'. अँटिव्हायरसने कुठे बघायचं नाही, त्याची ती यादी. तुम्ही स्वतः काही घातलेलं नसताना तिथे अख्खा सी ड्राइव्ह किंवा टेम्प फोल्डर दिसला, तर तो व्हायरसने नाहीतर एखाद्या क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरने घातला आहे. ती नोंद काढल्याशिवाय स्कॅन म्हणजे रखवालदाराचे डोळे बांधून गस्त. नोंद काढली, की 'स्कॅन ऑप्शन्स' मधून 'ऑफलाइन स्कॅन' निवडा. उघडलेलं काम आधी सेव्ह करा, कारण मशीन रीस्टार्ट होतं. साधारण पंधरा मिनिटं लागतात. विंडोज पूर्ण चालू व्हायच्या आधी हा स्कॅन होत असल्याने लपणाऱ्याला ब्रेनसारखी मधल्या मध्ये अडवाअडवी करता येत नाही.

शेवटी तोच रिकामा पेन ड्राइव्ह लावून पुन्हा परीक्षा. बाण उगवला नाही, तर पुढे जा.

आता फायली बाहेर काढा

बाधलेला पेन ड्राइव्ह स्वच्छ मशीनला लावा. काहीही न उघडता ड्राइव्हवर राइट क्लिक करून डिफेंडरने (विंडोज सिक्युरिटीतला अँटिव्हायरस) स्कॅन करा (विंडोज 11 मध्ये ही ओळ 'शो मोअर ऑप्शन्स' खाली असू शकते). 'फुल स्कॅन केला होता की' यावर विसंबू नका. डिफेंडरचा फुल स्कॅन मूळ सेटिंगमध्ये काढता-घालता येणारे ड्राइव्ह तपासतच नाही.

स्कॅननंतर शॉर्टकट आणि स्क्रिप्ट बहुधा उडालेल्या असतील, आणि पेन ड्राइव्ह पूर्ण रिकामा दिसेल. इथे अनेकांचा ठोका चुकतो आणि बोट फॉरमॅटकडे जातं. अँटिव्हायरसने चोर पकडला, पण चोराने माळ्यावर टाकलेला माल खाली काढून देणं त्याच्या कामात बसत नाही. वरचे तीन बदल केलेले असतील, तर फिकट रंगातले तुमचे फोल्डर आत्ताच दिसतील.

बिननावाचा फोल्डर दिसला तर त्यावर एकदाच क्लिक करून एफ2 दाबा, त्याला 'डेटा' असं काही नाव द्या आणि आतलं बाहेर काढा. शॉर्टकट उरले असतील तर 'टाइप' वर क्लिक करून क्रम लावा. सगळे एकाखाली एक येतील, ते निवडून पुसा. व्हीबीएस, जेएस, डब्ल्यूएसएफ, ईएक्सई आणि डीएलएल यांपैकी तुम्ही स्वतः न ठेवलेलं काहीही पुसा.

शिक्के पुसायला प्रॉपर्टीजमधली 'हिडन' ची खूण काढायला जाल तर ती फिकट असेल, हलणार नाही. सिस्टीमचा शिक्का असेपर्यंत विंडोज ती बदलू देत नाही. म्हणून कमांड प्रॉम्प्ट हवाच. फोनवर कुणाला सांगावं तशी कमांड इथे देतो. सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं आहे.

1. स्टार्टमध्ये सीएमडी शोधून उघडा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायची गरज नाही.

2. ड्राइव्हचं अक्षर, त्याला चिकटून कोलन, एंटर. ड्राइव्ह 'जी' असेल तर जी आणि कोलन. ओळीच्या सुरुवातीला आता जी दिसायला हवा. सी दिसत असताना पुढची कमांड दिलीत, तर ती पेन ड्राइव्हऐवजी सी ड्राइव्हवरच्या फायलींवर चालेल.

3. 'ए टी टी आर आय बी' ही सहा अक्षरं सलग. मग जागा. मग वजा-एच, जागा, वजा-आर, जागा, वजा-एस, जागा, तिरकी रेघ-एस, जागा, तिरकी रेघ-डी. एंटर. रेघ म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची, उजवीकडे झुकणारी.

वजा म्हणजे शिक्का काढ. एच हिडनचा, आर रीड-ओन्लीचा, एस सिस्टीमचा. तिरक्या रेघेचा एस म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांत शिर, आणि डी म्हणजे फायलींबरोबर फोल्डरांचेही शिक्के काढ. नेहमीच्या चुका अशा: वजा आणि अक्षर यांमध्ये जागा सोडली जाते, डी राहतो आणि फोल्डर लपलेलेच राहतात, किंवा नुसतं वजा-एच दिलं जातं आणि 'नॉट रीसेटिंग सिस्टीम फाइल' असं उत्तर येतं. दोन्ही शिक्के एकाच कमांडमध्ये निघायला हवेत. 'सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' बद्दल 'अ‍ॅक्सेस डिनाइड' आलं तर दुर्लक्ष करा, तो विंडोजचा स्वतःचा फोल्डर आहे.

मराठी नावांच्या फोल्डरांबद्दल काळजी नको. काळ्या खिडकीत 'लग्नाचे फोटो' च्या जागी नुसते चौकोन दिसतात, कारण तिथल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसते. नाव बिघडलेलं नसतं. कमांड व्यवस्थित चालते आणि एक्सप्लोररमध्ये नाव जसंच्या तसं येतं. ड्राइव्ह भरलेला आणि जुना यूएसबी 2 असेल, तर कमांड संपायला काही मिनिटं लागू शकतात. कर्सर नुसता लुकलुकताना दिसला म्हणून ड्राइव्ह उपसू नका.

आता कागदपत्रं, फोटो, पीडीएफ लॅपटॉपवर कॉपी करा आणि दोन-चार उघडून बघा. हे झाल्यावरच फॉरमॅट. फॉरमॅट करताना 'फाइल सिस्टीम' विचारली जाते. 4 जीबीपेक्षा मोठी फाइल कधी ठेवत असाल तर एक्सफॅट निवडा. टीव्ही, जुना प्रिंटर किंवा गाडीच्या म्युझिक सिस्टीमला लावत असाल तर फॅट32.

स्वच्छ विंडोज मशीन हाताशीच नसेल, तर अँड्रॉइड फोन आणि साठ-सत्तर रुपयांचं ओटीजी कनेक्टर यांवरही फायली वाचवता येतात. विंडोजचे हे शिक्के अँड्रॉइडवरचे बहुतेक फाइल मॅनेजर जुमानत नाहीत, त्यामुळे लपवलेले फोल्डर सरळ दिसतात. व्हीबीएस स्क्रिप्ट आणि शॉर्टकट फोनवर चालतच नाहीत. ड्राइव्ह एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टीमचा असेल तर मात्र पुष्कळ फोन तो वाचत नाहीत. पेन ड्राइव्हवरून चालवलेलं उबुंटूही (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) हेच काम करतं.

पुन्हा येऊ नये म्हणून

फ्लॉपीच्या दिवसांत एक सोय होती, ती आपण गमावून बसलो. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला एक खाच असे. तिच्यावर छोटी चिकटपट्टी लावली, की ड्राइव्ह त्या फ्लॉपीवर लिहूच शकत नसे. साडेतीन इंचीला उलटं: कोपऱ्यातली खिडकी उघडी म्हणजे लिहिणं बंद. ब्रेन किंवा 1992 च्या 6 मार्चला जगाला घोर लावणारा मायकेलअँजेलो व्हायरस, यांचं त्या चिकटपट्टीपुढे काही चालत नसे. ज्यांनी ती लावली नाही त्यांच्या मशीन दुरुस्तीच्या दुकानांत रांगेने येत. पुण्यात कैलास आणि संजय काटकर या भावांनी 'क्विक हील' हे अँटिव्हायरस उभं केलं, ते अशाच दुरुस्तीच्या धंद्यातून. लिहिणं बंद करणारं बटण असलेले पेन ड्राइव्ह मिळतात, पण शोधावे लागतात आणि महाग पडतात. एसडी कार्डाच्या कडेचं 'लॉक' बटण भरवशाचं नाही. ते कार्ड स्वतः पाळत नाही, रीडरने पाळायचं असतं, आणि काही रीडर पाळत नाहीत.

पेन ड्राइव्हवर 'ऑटोरन डॉट आयएनएफ' नावाचा फोल्डर करून ठेवायचा, हा उपाय अजून सांगितला जातो. तो वेगळ्या काळातला आहे. विंडोज 95 पासून सीडी घातली की प्रोग्राम आपोआप चालू करणारी ऑटोरनची सोय होती. पेन ड्राइव्ह आले तसे वर्म तीच वापरू लागले. कॉन्फिकर या वर्मची 2008 च्या डिसेंबरमधली आवृत्ती तर ऑटोप्लेच्या चौकटीत 'फोल्डर उघडा' अशी खोटी ओळ घालायची, नेहमीच्या फोल्डरच्या चित्रासकट. विंडोज 7 ने पेन ड्राइव्हसाठी ऑटोरन बंद केलं. फेब्रुवारी 2011 मध्ये एक्सपी आणि व्हिस्टालाही तसं अपडेट मिळालं. दार बंद झाल्यावर वर्मवाल्यांनी वाट बदलली: मशीन आपोआप चालवत नसेल, तर माणसाकडूनच डबल क्लिक करवून घ्यायचं. शॉर्टकट व्हायरस तिथे जन्मला. त्यामुळे ऑटोरनचा फोल्डर करून ठेवलात तरी याच्यापुढे तो कुचकामी आहे.

नुसता फोल्डर उघडून शॉर्टकट 'दिसला' तरी बाधा होण्याचा काळही येऊन गेला. 2010 मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट वर्म शॉर्टकटचं चिन्ह दाखवण्यातल्या चुकीचा फायदा घ्यायचा. मायक्रोसॉफ्टने ती चूक 2 ऑगस्ट 2010 ला दुरुस्त केली. अपडेट न घेतलेल्या जुन्या एक्सपीवर मात्र ती आजही तशीच आहे, आणि बिलं किंवा लेटरहेड छापणाऱ्या दुकानांत अशी मशीन अजून चालतात. तुमचं मशीन विंडोज 10 चं असेल, तर त्याची नेहमीची मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपली, हेही बघून ठेवा.

घरच्या मशीनवर एक छोटा बदल फार कामाला येतो. नोटपॅडमध्ये एक रिकामी फाइल व्हीबीएस शेपटाने सेव्ह करा, तिच्यावर राइट क्लिक, 'ओपन विथ', नोटपॅड, आणि 'ऑलवेज'. जेएससाठीही तेच. मग शॉर्टकटने स्क्रिप्ट चालवायला सांगितलं, की ती चालण्याऐवजी नोटपॅडमध्ये उघडेल आणि पडद्यावरची अगम्य अक्षरं बघून तुम्हाला पत्ता लागेल. शॉर्टकटने डब्ल्यूस्क्रिप्टला नाव घेऊन बोलावलं असेल, तर हा उपाय लागू पडत नाही. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीत 'ऑप्शनल फीचर्स' मधून व्हीबीस्क्रिप्ट काढूनच टाकता येतं. घरगुती वापरात त्याची उणीव भासत नाही. एखादं जुनं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल, तर त्याच्या विक्रेत्याला आधी विचारा.

प्रिंटसाठी वेगळा, कमी क्षमतेचा पेन ड्राइव्ह ठेवा. त्यावर लागतील तेवढ्याच पीडीएफ, आणि एकही अशी फाइल नाही जिची दुसरी प्रत घरी नाही. दुकानातून आल्यावर आधी फोनला लावून बघा. ठेवल्या त्यापेक्षा एक जरी फाइल जास्त दिसली, तर लॅपटॉपला न लावता फोनवरच फॉरमॅट करा. दुकानाच्या मशीनवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडून फाइल देणं हा पर्याय नाही. घाईत लॉगआउट राहतं आणि मग व्हायरसची गरजच उरत नाही.

आणि हा पेन ड्राइव्ह मधल्या काळात ज्या ज्या मशीनला लावला होता, त्यांची यादी करा: ऑफिसचा डेस्कटॉप, सोसायटीच्या हिशेबाचा कॉम्प्युटर, मुलीचा कॉलेजचा लॅपटॉप. प्रत्येकावर रिकाम्या पेन ड्राइव्हची ती दोन मिनिटांची परीक्षा घ्या. दुकानदारालाही सांगा. त्याच्याकडे दिवसाला पन्नास ड्राइव्ह येतात, आणि त्यांतल्या कुणीच अजून त्याला सांगितलेलं नसण्याची शक्यता बरीच आहे.